दोन नळ्या, दोन कान

बिस्किटांच्या जुन्या गोल डब्यात दोन लाल रबरी नळ्या निघाल्या. वेटोळं करून ठेवलेल्या, वाळून कडक झालेल्या. सरळ करायला गेलो तर एक मधूनच मोडली आणि आतून पांढरी भुकटी सांडली. दुसरीच्या टोकाला अजून कापडाची पट्टी गुंडाळलेली होती, निळ्या काठाची. आईच्या जुन्या पातळाचा काठ. कानात रबर रुतू नये म्हणून तिनं तो गुंडाळला होता. मी ते टोक नाकाशी नेलं. पेट्रोलचा वास येईल असं वाटलं होतं, आला तो खोबरेल तेलाचा. की मला तसा भास झाला, सांगता येत नाही. हल्ली मला बऱ्याच गोष्टींबद्दल असंच सांगता येत नाही.

"काय सापडलं?" दादानं विचारलं. तो गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"नळ्या."

"बघ. मी म्हणत होतो, फेकल्या नाहीत."

"तुम्ही काहीच फेकत नाही," स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी म्हणाली. "शेवटी घर फेकायला बिल्डर बोलवावा लागला."

येरवड्यातलं आमचं हे बैठं घर आता पडणार आहे. वडिलांनी नोकरीत असताना सोसायटीत प्लॉट घेऊन बांधलेलं, पुढे जमेल तशा खोल्या वाढवलेलं. सगळ्या ओळीनं संमती दिली आहे. दादा-वहिनी काही वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतील, सामान टेम्पोनं जाईल. प्रश्न होता मागच्या पत्र्याच्या गॅरेजमधल्या गाडीचा. शहराबाहेर मांजरी गावाला दादाच्या एका मित्राचं शेत आहे, उसाच्या कडेला रिकामी शेड आहे. तिथं ती ठेवायची ठरली. पण दादानं अट घातली.

"टेम्पोवर चढवायची नाही. दोरीनं ओढायची नाही. स्वतःच्या इंजिनावर जाईल."

"आली तेव्हा हातगाडीवरून तुकड्या-तुकड्यांनी आली होती म्हणे," वहिनी म्हणाली.

"आली कशी ते कुणी बघत नाही. गेली कशी ते बघतात."

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याला कंपवात आहे. उजवा हात मांडीवर ठेवला तरी आतून कुणीतरी हलवत असल्यासारखा हलत राहतो. "गाडी उभी असते पण इंजिन चालू असतं ना, तसा हात आहे माझा," तो पाहुण्यांना सांगतो. "कायम आयडलिंगला. फक्त बंद करायची किल्ली सापडत नाही." पाहुणे हसतात. मला हसायला जमत नाही, कारण त्या हाताचं मी जे पाहिलंय ते पाहुण्यांनी पाहिलेलं नाही.

ती गाडी दिसायला साधी. त्या काळी डॉक्टर, वकील, टॅक्सीवाले वापरायचे तशीच. दादा तेव्हा कारखान्यात नवा लागला होता. अपघातात चेपलेली, कुणी घेत नव्हतं अशी ती त्यानं आणली, पत्रा ठोकून सरळ केला, मागची सीट काढून टाकली, आणि एका रविवारी जुन्या बाजारातून गोणपाटात गुंडाळून दोन कार्बोरेटर आणले. कुठल्याशा परदेशी गाडीचे. त्यांच्या पितळी तोंडांवर हिरवा गंज होता. आईनं चिंच दिली. मी बारावीत होतो. मागच्या पायरीवर बसून मी चिंचेनं ती तोंडं घासत होतो आणि हळूहळू आतलं पिवळं तेज वर येत होतं, हे मला स्पष्ट आठवतं. चिंचेचा आंबट वास, बोटांच्या चिरांत होणारी आग, आणि पलीकडे तुरुंगातले तासांचे टोले. येरवड्यात वाढलेल्या माणसाला ते टोले ऐकू येत नाहीत. दुसरीकडे राहायला गेल्यावर ते नाहीत असं ऐकू येतं.

कार्बोरेटरची गाडी आता फारशी कुणी चालवत नाही, म्हणून सांगतो. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, हवेत मिसळून द्यावं लागतं. ते काम कार्बोरेटरचं. आमच्या गाडीला मुळात एकच होता, चारही सिलिंडरांना मिळून. दादाला तो मान्य नव्हता.

"एका ताटात चौघं बसले की मधले दोघं पोटभर खातात," तो म्हणायचा. "कडेचे उपाशी. दोन ताटं मांडायची. दोघांत एक. मग बघ इंजिन कसं धावतं."

"तुम्हा दोघांना दोन ताटं वाढते," आई म्हणायची, "तरी तू ह्याच्या ताटातलं उचलतोसच."

खरी अडचण वेगळीच होती. दोन ताटं मांडली की दोन्हींत सारखं वाढावं लागतं. एक कार्बोरेटर जास्त हवा ओढायला लागला आणि दुसरा कमी, तर इंजिन थरथरतं, मधेच खोकतं, पायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर श्वास धरून बसतं. दोघं सारखी हवा ओढतात की नाही हे ऐकून ठरवायचं. गॅरेजवाले एक रबरी नळी घेत, एक टोक कानाशी, दुसरं पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग तीच नळी मागच्याच्या तोंडाशी. ज्याचा फुत्कार मोठा तो जास्त ओढतोय. दादाला ही पद्धतही मान्य नव्हती. "दुसरा ऐकेपर्यंत पहिला विसरतो माणूस," तो म्हणाला, आणि सारख्या लांबीच्या दोन नळ्या कापून आणल्या. पुढच्याची नळी माझ्या डाव्या कानात, मागच्याची उजव्या कानात. डॉक्टर छाती तपासतो तसं. दोघांची तुलना एकाच वेळी. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं हे पाहिलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, "इंजिनाला ताप आहे का, साहेब?"

आमची वाटणी ठरलेली होती. हात दादाचे, कान माझे. तो स्क्रू धरायचा. मी बॉनेटच्या डाव्या बाजूला वाकून, डोळे मिटून उभा राहायचो. आधी दोन वेगळे आवाज असायचे. मग दादा स्क्रू केसभर फिरवायचा आणि ते एकमेकांकडे सरकू लागायचे. आणि कधीतरी अशी वेळ यायची की आवाज कुठल्याच कानात राहायचा नाही. तो डोक्याच्या बरोबर मध्यभागी येऊन बसायचा. एकच. गरम तव्यावर पाण्याचा हात फिरवल्यावर येतो तसा, पण न संपणारा. मी हात वर करायचो. दादा स्क्रूवरून बोटं उचलायचा, इतकी हळू, की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचा हात काढतोय. ती बोटं मला आठवतात. नखांत काळं, पण थरथर नावाला नाही.

ऋतू मला त्या गाडीवरूनच आठवतात. थंडीत पेट्रोल बोटांवर पडलं की हाडापर्यंत गार जायचं. चोक ओढून इंजिन चालू केलं की पांढरा धूर पत्र्याखाली साचायचा आणि शेजारच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या, जरा जास्तच जोरात. उन्हाळ्यात पत्र्याखाली इतकं तापायचं की पाइपातलं पेट्रोलच उकळायचं. मग इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं. कपाळावर पट्टी ठेवल्यासारखी ती गाडी दुपारभर पडून असायची. आई येता-जाता फडकं पुन्हा भिजवून ठेवायची. "तुमच्यापेक्षा शहाणी आहे," म्हणायची, "दुपारी झोपते तरी."

दोन कार्बोरेटरांवर गाडी पहिल्यांदा चालू होणार होती त्या सकाळी शेजारच्या काकांनी विचारलं, नारळ आणू का? आमच्यात नारळ फोडत नाहीत, लिंबू-मिरची बांधत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ते सगळं घरातून गेलं. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला काहीच करायचं नाही हे आईच्या जिवाला पटेना. ती आत गेली, पांढरं पातळ नेसून आली, हात जोडून तिनं वंदना म्हटली, आणि पेटती मेणबत्ती नेऊन बॉनेटच्या कडेवर ठेवली. खाली दोन्ही कार्बोरेटर उघडे, तोंडापर्यंत पेट्रोल भरलेले. दादा जो ओरडला तो सगळ्या ओळीनं ऐकला. वडिलांनी मेणबत्ती उचलली, धावत जाऊन अंगणातल्या पेरूखाली ठेवली आणि म्हणाले, "तिथूनही पोचतं." मग दादानं किल्ली फिरवली. तो आवाज मी इथं लिहू शकत नाही. मेणबत्तीची ज्योत पेरूखाली थरथरत होती, वाऱ्यानं की इंजिनानं, कळत नव्हतं.

हे सगळं दादानं घाटातल्या मोटारशर्यतीसाठी केलं होतं. त्या शर्यतीबद्दल मात्र मला फार लिहिता येणार नाही. एकेक गाडी खालून सोडायचे आणि वरपर्यंतचा वेळ मोजायचे. आदल्या दिवशी मी दोन्ही नळ्या लावून आवाज मध्यभागी आणला होता, हात वर केला होता. दादा म्हणाला, तू वरच्या अवघड वळणावर थांब, इंजिन कसं वाजतं ते ऐकून ठेव. कडेला चुन्यानं रंगवलेले पांढरे दगड होते, पलीकडे दरी. सुकलेल्या गवताचा आणि जळक्या टायरांचा वास. मी डोळे मिटून उभा राहिलो. आमच्या गाडीचा आवाज खालून चढत चढत आला, भरदार, एका श्वासाचा, आणि वळणापाशी मधेच तुटला. अगदी क्षणभर. घास अडकल्यासारखा. मग पुन्हा सुरू झाला आणि वर गेला. साध्या, एका कार्बोरेटरच्या गाड्यासुद्धा आमच्या पुढे होत्या. खाली आल्यावर दादा एकच शब्द बोलला, "कार्बोरेटर."

त्यानंतरचं वर्ष तो ते कार्बोरेटर उतरवत होता आणि चढवत होता. जुना एकटा कार्बोरेटर लावून बघ, पुन्हा दोन लावून बघ. आतले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक पितळी छिद्रं, मोठी कर, लहान कर. प्लग काढून त्यांचा रंग बघ. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग आला की बरोबर. मला वाटतं पुढचे दोन प्लग नेहमीच मागच्यांपेक्षा वेगळे दिसायचे आणि दादा ते तळहातावर घेऊन बघत बसायचा. असं मला वाटतं. ते खरंच तसे होते, की आता ते तसे असायला हवेत म्हणून मला तसं आठवतं?

पुढे कधीतरी गाडीवर ताडपत्री आली. दादा कारखान्यातून त्याच कारखान्याच्या ऑफिसात गेला. लग्न झालं. वहिनी अजून सांगते, "बघायला आले तेव्हा म्हणाले, मला एक गोष्ट आधीच सांगायची आहे. मी एकदा हरलोय, कार्बोरेटरमुळे. मला वाटलं काहीतरी आजार आहे. वडिलांना म्हटलं, औषध चालू आहे का विचारा."

मी सरकारी नोकरीत लागलो, औंधला राहायला गेलो. ऐकण्याचं काम पुन्हा कुणी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी ऑफिसात सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. कानांची तपासणी करणाऱ्या मॅडमनी मला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी दाबत गेलो. बाहेर आलो तर त्या कागदाकडे बघत होत्या.

"डावा कान बराच मागे आहे. कधीपासून?"

"मला तर माहीतच नाही."

"लहानपणी कान फुटायचा का?"

फुटायचा. आई कानात कापूस घालायची, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. पण कुठला कान? मी आठवायला लागलो तर कापूस कधी या कानात दिसे, कधी त्या.

"मग तेव्हापासूनही असेल," मॅडम म्हणाल्या. "किंवा अलीकडचं असेल. आता नाही सांगता येणार. अशा माणसांना कळत नाही हो. जे ऐकू येतं तेच पूर्ण आहे असं वाटतं. तुलनेला दुसरं काही नसतं ना."

मी तिथून उठून जिना उतरलो आणि मधल्या पायरीवर थांबलो. तुलना. आम्ही दुसरं केलंच काय होतं? या कार्बोरेटरची त्याच्याशी, पुढच्याची मागच्याशी. दादानं सगळं बदलून पाहिलं होतं. जेट, स्क्रू, प्लग, कार्बोरेटर. बदलली नव्हती ती एकच गोष्ट, नळ्यांच्या दुसऱ्या टोकाचा माझा कान. डोक्याच्या मध्यभागी येऊन बसणारा तो आवाज, ज्याच्या आधारावर मी स्वतःला आयुष्यभर कशासाठी तरी उपयोगी समजत आलो, तो मुळात मध्यभागी होता का? की डावा कान अधू, म्हणून पुढचा कार्बोरेटर जास्त उघडून घेऊन मी तो मध्यभागी आणवत होतो? मी हे घरी कुणाला सांगितलं नाही. दादाकडे गेलो की त्याच्या डाव्या हाताला बसायचो, उजवा कान त्याच्या बाजूला येईल असं बघून. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. चहा प्यायचो आणि परत यायचो.

आणि आता दादानं ती अट घातली होती.

चार-पाच रविवार आम्ही गाडीशी झटलो. माझे हात, त्याच्या सूचना. टाकीतलं पेट्रोल सडून काकवीसारखं झालं होतं. कार्बोरेटर उघडले तर आत सगळीकडे त्याचाच चिकट थर. जेट उन्हाकडे धरून बघितले, छिद्रं बुजलेली. तारेनं टोकरू नको, दादा ओरडला, फुंकर मार. मी इतका फुंकलो की घेरी आली. पुढच्या कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट अडकून पेट्रोल बाहेर वाहत होतं, तो सोडवला. नवी बॅटरी आणली. चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून नवी नळी आणली, पारदर्शक, प्लास्टिकची, आणि तिचे दोन सारखे तुकडे केले.

त्या रविवारी इंजिन चालू झालं. चालू झालं म्हणजे काय, थरथरत, खोकत, मधेच फट् करून. पत्रा वाजायला लागला. वहिनी कानांवर हात ठेवून दारात आली.

"नळ्या लाव," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

मी लावल्या. डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. डोळे मिटले. उजव्या कानात मोठा फुत्कार, डाव्यात कुठंतरी लांब, भिंतीपलीकडे.

"पुढचा कमी आहे," मी म्हणालो.

"उघड मग."

मी स्क्रू फिरवला. इंजिन आणखी हललं.

"अरे, बिघडतंय."

"पण अजून कमीच आहे."

"मला इथून खुर्चीवरून कळतंय, छोट्या. उलट फिरव."

मी उलट फिरवला नाही. मी एक वेगळीच गोष्ट केली. नळ्यांची अदलाबदल केली. पुढच्याची उजव्या कानात घातली आणि मागच्याची डाव्या. आता पुढचा गर्जत होता. मागचा भिंतीपलीकडे गेला होता. कार्बोरेटर जागेवर होते, स्क्रू जागेवर होता. कमीपणा तेवढा नळीबरोबर गेला नाही, माझ्या डाव्या कानातच राहिला.

मी किल्ली बंद केली. पत्रा वाजायचा थांबला.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"दादा, माझा डावा कान गेलाय."

"कुठं?"

"चेष्टा नाही. ऐकू येत नाही नीट. तपासणी झाली. कधीपासून ते त्यांनाही सांगता आलं नाही. कदाचित तेव्हाही येत नसेल."

"तेव्हा म्हणजे?"

"घाटाच्या वेळी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. गरम इंजिन टिक् टिक् करत निवत होतं. वहिनी दारातच थांबली.

"म्हणजे मी वर्षभर जेट बदलत होतो..."

"हो."

"जुन्या बाजाराच्या त्या चकरा..."

"हो, दादा. माझ्या कानामुळे असेल. असेलच असं नाही. मला माहीत नाही." माझा आवाज मला परका वाटत होता. "पण असू शकेल."

त्याचा हात मांडीवर हलत होता.

"मी ब्रेक मारला होता," तो म्हणाला.

"कुठं?"

"पांढऱ्या दगडांच्या वळणावर. समोर दरी दिसली आणि पाय गेला. इंजिन चांगलं ओढत होतं. माझाच पाय गेला. खाली आल्यावर सांगणार काय? कार्बोरेटर म्हटलं. कार्बोरेटरचं नाव घेतलं की पुढं कुणी विचारत नाही."

"मलासुद्धा तेच सांगितलंत," वहिनी म्हणाली.

"तुला तर सगळ्यांत आधी."

"मग वर्षभर जेट का बदलत होतास?" मी विचारलं.

"एकदा सांगितलं की तसं वागावं लागतं."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. लहानपणी माझ्या हातून वडिलांच्या रेडिओची काच फुटली होती. वडील दारातून आत येताहेत तोवर दादा म्हणाला होता, मी फोडली. कुणी विचारायच्या आतच. त्या दिवशी त्याचा चेहरा जसा होता तसाच तो आत्ता होता. पण खरं बोलतानाही माणसाचा चेहरा तसाच असत असेल.

"खरंच मारला होतास?"

"तू होतास ना तिथं. ब्रेकचा दिवा नाही दिसला?"

"मी डोळे मिटले होते. ऐकायला."

"बरं झालं," दादा म्हणाला. "एक भित्रा, एक बहिरा. बिचारे कार्बोरेटर!"

वहिनी हसली. आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मला हसू येत होतं की काय येत होतं, नीट कळत नव्हतं. इतकी वर्षं उचलून फिरवलेलं ओझं माझं होतं की नव्हतं, हेही कळत नव्हतं, आणि ते खाली ठेवायला कुणी सांगितलं तर नेमकं काय ठेवायचं, तेही.

"एक नळी दे इकडे," दादा म्हणाला. "एकच. गॅरेजवाल्यासारखी. खुर्ची पुढं घे."

मी खुर्ची बॉनेटपाशी ओढली. त्यानं नळी कानाशी धरली, पण हाताच्या कंपानं ती कानावर घासत राहिली. "नुसती खरखर ऐकू येतेय," तो वैतागला. वहिनी दारातून पुढं आली, त्याच्या मागं उभी राहिली, आणि दोन बोटांनी ती नळी त्याच्या कानाशी धरली. ज्या गाडीचं नाव काढलं की ती आत निघून जायची, तिच्याच कार्बोरेटरच्या तोंडाशी ती दुसऱ्या हातानं नळीचं दुसरं टोक धरून वाकली होती. मी इंजिन चालू केलं आणि स्क्रू धरला. आयुष्यात पहिल्यांदा दादा ऐकत होता आणि मी फिरवत होतो.

"पुढचा... आता मागचा. परत पुढचा धर, अगं. उतरव, छोट्या. अजून. अजून थोडा. पुरे, पुरे! केसभर मागं."

पत्र्याचा आवाज कमी होत गेला. मग बंद झाला. इंजिन एका संथ लयीत येऊन बसलं. मी डोळे मिटले नाहीत. दादाची बोटं हवेत वर उठलेली होती, थरथरत, माझा हात तेव्हा उठायचा तशी.

निघताना वहिनीनं घरातून मेणबत्ती आणली. माझ्याकडे बघून म्हणाली, "माहीत आहे, माहीत आहे," आणि ती पेरूच्या बुंध्याशी नेऊन लावली. आईनं शिकवलं असणार.

गाडी मी चालवत होतो. दादा माझ्या डाव्या हाताला. खराडी मागं टाकून मुंढव्याच्या पुलावर आलो तेव्हा नदीतल्या जलपर्णीचा कुजका वास आत भरला, आणि त्यात पेट्रोलचा, गरम रबराचा, जुन्या सीटच्या काथ्याचा. शेजारून जाणाऱ्या बाइकवरचा पोरगा अंगठा दाखवून गेला. दादा काहीतरी बोलला. मी सवयीनं मान हलवली. तो पुन्हा बोलला. मी पुन्हा मान हलवली, आणि मग मलाच ते खटकलं.

पूल उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि सगळा वळून उजवा कान त्याच्याकडे केला.

"ऐकू नाही आलं, दादा. परत सांग."

"म्हटलं, पुढचा अजून जरा जास्त ओढतोय," दादा म्हणाला. "शेडवर पोचल्यावर बघू."